लाभांश कोठून येतो? कंपन्यांची आर्थिक गुणोत्तरे आणि भागधारकांचा वाटा

२०११-१२ या आर्थिक वर्षासाठी ‘सेसा गोवा’ कंपनीने एक रुपया दर्शनी मूल्याच्या प्रत्येक समभागामागे ४ रुपये लाभांश दिला. पुढच्याच वर्षी तो १० पैशांवर आला. मधल्या काळात, १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने लोहखनिजाचे उत्खनन थांबवले होते आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खननाबरोबर वाहतूकही बंद केली होती. २०१३ मध्ये स्टरलाइट इंडस्ट्रीज ‘सेसा गोवा’त विलीन झाली आणि कालांतराने कंपनीचे नाव वेदांता लिमिटेड झाले. ज्यांनी आपले जुने समभाग तोवर विकले नव्हते, त्यांना २०२२-२३ या वर्षी त्याच एक रुपयाच्या समभागामागे १०१ रुपये ५० पैसे मिळाले.

या आकड्यांचा अर्थ केवळ नफ्याच्या चढउतारावरून लागत नाही. २०१०-११ मध्ये ‘सेसा गोवा’चा नफा ४,२०० कोटी रुपयांच्या वर गेला होता, त्या वर्षीचा लाभांश मात्र साडेतीन रुपये होता. नफा आणि लाभांश यांच्यामध्ये कंपनीच्या मालमत्तेचा वापर, कर्जाचे ओझे, हातातील रोकड आणि प्रवर्तकांची गरज या गोष्टी उभ्या असतात. त्यातील पहिल्या तिन्हींचे माप आर्थिक गुणोत्तरांतून घेता येते. चौथीचे येत नाही.

प्रथम एक नेहमीचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लाभांशाची टक्केवारी पुष्कळदा दर्शनी मूल्यावर सांगितली जाते. एका रुपयाच्या समभागावर ४ रुपये म्हणजे ‘४०० टक्के लाभांश’. ऐकताना छाती दडपते. पण तो समभाग बाजारात दोनशे रुपयांना घेतला असेल, तर गुंतवणूकदाराला प्रत्यक्षात २ टक्केच परतावा मिळतो. बँकेच्या ठेवीशी तुलना करायची, तर बाजारभावाशी निगडित असलेला हा दुसरा आकडाच उपयोगाचा.

नफ्याची तीन अंगे

कंपनी किती नफेदार आहे हे पाहण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे गुणोत्तर म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरील परतावा. निव्वळ नफ्याला नेटवर्थने, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी यांच्या बेरजेने भागले की ते मिळते. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत १९१० च्या दशकात डोनाल्डसन ब्राउन यांनी परताव्याची फोड करण्याची रीत घातली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. आजच्या रूपात त्या फोडीचे तीन घटक आहेत: विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे उरणारा नफा, मालमत्तेच्या प्रत्येक रुपयामागे होणारी विक्री, आणि भागधारकांच्या प्रत्येक रुपयावर उभी असलेली मालमत्ता. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे परतावा.

यांपैकी पहिला घटक धंद्याचा मगदूर सांगतो. २०१०-११ मध्ये ‘सेसा गोवा’ला शंभर रुपयांच्या विक्रीमागे सुमारे ४५ रुपये निव्वळ नफा उरत होता. चीनची मागणी आणि खनिजाचे चढे भाव यांचे ते फळ होते. अशी कमाई भावाबरोबर येते आणि भावाबरोबर जाते; परवान्याबरोबरही जाते, हे राज्याने पाहिले आहे. दुसरा घटक व्यवस्थापनाची चपळाई सांगतो: माल गोदामात किती दिवस पडून राहतो, ग्राहकांकडून पैसे किती दिवसांत वसूल होतात. किराणा मालाचा घाऊक व्यापारी शेकड्याला दोन-तीन रुपयांवर राहूनही चांगला कमावतो, तो याच जोरावर. तिसरा घटक मात्र दुधारी आहे. कर्ज वाढले की तोही वाढतो आणि धंद्यात काहीही सुधारणा न होता परताव्याचा आकडा फुगतो. भागधारकांचे भांडवल घटले, तरी हेच होते.

फोंडा आणि डिचोली येथे कारखाने असलेल्या नेस्ले इंडियाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २०२२ मध्ये कंपनीचा नफा सुमारे २,४०० कोटी रुपये होता आणि वर्षअखेरची नेटवर्थही जवळपास तितकीच. म्हणजे परतावा शंभर टक्क्यांच्या आसपास. त्या वर्षी दहा रुपयांच्या समभागावर मिळकत २४८ रुपयांच्या घरात होती, त्यांपैकी २२० रुपये लाभांश म्हणून वाटले गेले. एवढी वाटणी करूनही कंपनीला कर्जाची फारशी गरज भासली नाही, कारण या धंद्यात माल विकल्यावर पैसे लवकर हाती येतात आणि पुरवठादारांना ते सवडीने द्यायचे असतात. धंदाच स्वतःचे खेळते भांडवल पुरवतो. तळाशी पैसा साठवून ठेवण्याची गरज नसल्यामुळे तो भागधारकांकडे जातो.

रोकड आणि कायदा

लाभांश नफ्यातून जाहीर होतो, पण दिला जातो रोकडीतून. ताळेबंदात भरघोस नफा आणि बँकेच्या खात्यात खडखडाट अशी स्थिती उधारीवर चालणाऱ्या कंपन्यांत नवी नाही. त्यामुळे चालू मालमत्ता आणि चालू देणी यांचे गुणोत्तर, व्याज फेडण्याची क्षमता आणि मुख्य म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष आलेला रोख प्रवाह लाभांशाशी ताडून पाहावा लागतो. सलग दोन-तीन वर्षे लाभांशाची रक्कम या रोख प्रवाहाहून मोठी असेल, तर फरक कोठून भरला गेला हे ताळेबंदाच्या कर्जाच्या रकान्यात सापडते.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १२३ याबाबतची चौकट घालून देते. घसारा वजा केल्यानंतर उरलेला चालू वर्षाचा नफा किंवा मागील वर्षांचा न वाटलेला नफा यांतून लाभांश देता येतो. नफा अपुरा पडला आणि मुक्त राखीव निधीला हात घालायचा झाला, तर बंधने कडक होतात: दर मागील तीन वर्षांच्या सरासरीहून जास्त नको, आणि उचल भरणा झालेले भांडवल व मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नको. मात्र मागील वर्षांचा न वाटलेला नफा मोठा असेल, तर तो एकाच वर्षात वाटून टाकण्याला ही बंधने आड येत नाहीत. ही वाट किती रुंद आहे ते हिंदुस्तान झिंकने दाखवून दिले.

तिजोरी रिकामी, गुणोत्तर उजळ

राजस्थानात जस्त, शिसे आणि चांदीचे उत्पादन करणाऱ्या हिंदुस्तान झिंकमध्ये २०२२-२३ या वर्षी वेदांताचा हिस्सा सुमारे ६५ टक्के आणि केंद्र सरकारचा साडेएकोणतीस टक्के होता. त्या वर्षी कंपनीने दोन रुपयांच्या समभागामागे एकूण ७५ रुपये ५० पैसे लाभांश दिला. त्याची रक्कम होते सुमारे ३१,९०० कोटी रुपये. वर्षाचा नफा होता साधारण १०,५०० कोटी. शंभर रुपये कमावून तीनशे रुपये वाटल्यासारखा हा व्यवहार होता. मार्च २०२२ मध्ये ३४ हजार कोटींच्या वर असलेली नेटवर्थ वर्षभरात १३ हजार कोटींच्या आसपास आली आणि तीन हजार कोटींच्या आतले कर्ज अकरा हजार कोटींच्या पुढे गेले. वेदांताच्या वाट्याला यातून वीस हजार कोटींहून अधिक रक्कम आली. वर उल्लेखिलेल्या १०१ रुपये ५० पैशांचा बराच मोठा आधार हा होता, आणि वेदांताच्याही वर असलेल्या वेदांता रिसोर्सेस या पालक कंपनीच्या कर्जफेडीची चर्चा त्या काळात बाजारात सतत चालू होती. केंद्र सरकारच्या तिजोरीतही नऊ हजार कोटींहून अधिक जमा झाले, त्यामुळे त्या बाजूनेही तक्रारीला फारशी जागा नव्हती.

आता हेच गुणोत्तरांच्या चष्म्यातून पाहावे. वर्षअखेरच्या नेटवर्थशी तुलना करता २०२१-२२ मध्ये भागधारकांच्या भांडवलावरील परतावा २८ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ८० टक्क्यांच्या पुढे गेला. नफा तर जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढला होता. छेद मात्र एक तृतीयांशाच्या आसपास आला होता. जस्ताचे भाव उतरल्यावर २०२३-२४ मध्ये नफा ७,७५९ कोटींवर घसरला, तरीही परतावा ५० टक्क्यांहून अधिकच राहिला. केवळ हा एक रकाना वाचणाऱ्याला २०२३-२४ हे वर्ष २०२१-२२ पेक्षा पावणेदोन पटींनी चांगले वाटेल. प्रत्यक्षात नफा कमी, कर्ज जास्त आणि गंगाजळी निम्म्याहून कमी अशी स्थिती होती. परतावा वाढला म्हणून लाभांश वाढला, असे पाठ्यपुस्तकी वाचन येथे उलटे ठरते. लाभांश वाढला म्हणून परतावा वाढला. त्या वर्षी लाभांशही १३ रुपयांवर आला. हिंदुस्तान झिंकच्या खाणी आणि स्मेल्टर भक्कम आहेत, कर्ज पेलण्याची ताकद कंपनीत आहे, हे मान्य करूनही वर्षानुवर्षे साठलेली शिल्लक एकदाच वाटता येते, ही मर्यादा राहतेच.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे जुनी ‘सेसा गोवा’. २०१०-११ मध्ये तिने शंभर रुपये नफ्यातील जेमतेम सात रुपये वाटले. त्रेयाण्णव रुपये कंपनीतच राहिले. सिद्धांत असा की परताव्याला न वाटलेल्या हिश्शाने गुणले की कंपनी स्वबळावर किती वेगाने वाढू शकेल ते कळते. परतावा २० टक्के आणि निम्मा नफा राखलेला असेल, तर वाढ १० टक्के. पण राखलेला पैसा त्याच धंद्यात तितक्याच परताव्याने लागेल, हे त्यात गृहीत असते. ‘सेसा गोवा’ने २०११ मध्ये केर्न इंडिया या तेल कंपनीतील सुमारे २० टक्के हिस्सा घेण्यासाठी सुमारे १३ हजार कोटी रुपये गुंतवले. खनिजातून आलेली पुंजी तेलात गेली, तीही समूहाने केर्न ताब्यात घेण्याच्या बेताचा भाग म्हणून. खाणी बंद पडल्यावर ज्या शिलकीने लाभांश टिकवून धरला असता, तिचे रूपांतर आधीच दुसऱ्या कंपनीच्या समभागांत झालेले होते.

सामान्यतः कंपन्या इतक्या टोकाला जात नाहीत. जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून काढलेला निष्कर्ष आजही बऱ्याच अंशी लागू पडतो: व्यवस्थापक लाभांश नफ्याच्या मागे हळूहळू नेतात, कारण एकदा वाढवलेला लाभांश कमी करणे त्यांना नामुष्कीचे वाटते. त्यामुळे स्थिर धंद्यातील लाभांशकपात हा गंभीर इशारा मानला जातो. खनिज व धातूंच्या कंपन्यांत तो तितका गंभीर नसतो. तेथे भावाचे चक्रच लाभांश ठरवते.

छोट्या भागधारकाला हे सारे तपासणे आता पूर्वीइतके अवघड नाही. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना आपले लाभांश वाटपाचे धोरण जाहीर करावे लागते. २०२१-२२ पासून वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरे देणे बंधनकारक झाले आहे आणि एखादे गुणोत्तर आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदलले असेल, तर त्याचे कारणही लिहावे लागते. वार्षिक अहवालाच्या अखेरच्या पानांतील बारीक टाइपातला हा तक्ता अध्यक्षांच्या रंगीत संदेशापेक्षा आधी वाचावा. परताव्याच्या ओळीसमोर ‘नफ्यात वाढ’ असे लिहिले आहे की ‘लाभांशामुळे नेटवर्थमध्ये घट’, हे तेथे एका वाक्यात कळते.