यमुनेच्या पाण्यापासून अब्जांश वाहनापर्यंत



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने जंतूंविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी आम्हांस विज्ञान शिकवीत. लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा क्लोरॅम्फेनिकॉलने मी वाचलो. गेल्या वर्षी माझे धाकटे बंधू मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाने गेले. एकही औषध लागू पडले नाही. एका आयुष्यात हे कसे घडले, या प्रश्नाने मला इतिहासाकडे नेले.

त्याचा एक धागा आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारीच सापडतो. आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदविले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उकळले की तो गुण जातो. कारण त्यांस उमगले नाही. १९१७ मध्ये पॅरिस येथे फेलिक्स द’हेरेल यांनी जंतूंचा नाश करणाऱ्या विषाणूस ‘बॅक्टेरिओफेज’, म्हणजे जीवाणुभक्षक, हे नाव दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि सोव्हिएत जॉर्जियासारखे अपवाद वगळता ही वाट ओस पडली. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. तो कोणी मनावर घेतला? २०१९ या एका वर्षात अशा निर्ढावलेल्या जंतूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतल्याचा अंदाज आहे.

आता गंमत पाहा. या भक्षकांपासून बचाव करण्यासाठी जीवाणूंनीच ‘क्रिस्पर’ ही जनुके कापणारी कात्री घडविली होती; २००७ मध्ये योगर्टच्या उद्योगातील जीवाणूंवर ते सिद्ध झाले. २०१४ मध्ये संशोधकांनी तीच कात्री भक्षकाच्या कवचात भरून जंतूंच्या प्रतिकारक जनुकांवर सोडली. २०१७ मध्ये कोरियातील शास्त्रज्ञांनी तिला बहुवारिकाची जोड देऊन मीटरच्या अब्जांशात मोजावे असे सूक्ष्म कण बनविले आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमधील ‘मेकए’ हे जनुक लक्ष्य केले. मुद्रितशोधकाने पानभर मजकुरातील नेमका एक शब्द खोडावा, तसे हे काम आहे. अडचण खोडण्याची नाही, त्या पानापर्यंत पोहोचण्याची आहे; जंतूची भिंत ओलांडणारे खात्रीचे वाहन अद्याप रुग्णशय्येपर्यंत आलेले नाही.

माझ्या बंधूंसाठी ते आले नाही. आपल्या नातवंडांसाठी येईल, अशी आशा आहे. तोवर हाती असलेली औषधे जपून वापरणे, हीच गुरुजींना खरी आदरांजली ठरेल.