कातिब, संगसाज आणि बोलणारे यंत्र

२०२३ साली मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले जुने रुमाल पुन्हा सोडले गेले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती, आणि या नोंदी होत्या निजामकाळातल्या. आमचा बिलोली तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात १८८० च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू कारभाराची भाषा झाली. त्यामुळे शेतकरी मराठी, शेत मराठी, शेताचे नावही मराठी, पण कागद उर्दू, असा प्रकार आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. ऑक्टोबर २०२३ अखेर मराठवाड्यात १ कोटी ७२ लाख कागद तपासून ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्याचे सरकारने सांगितले. चर्चा आरक्षणाची झाली, आणि ते साहजिकच होते. पण घसीट उर्दूतली आणि मोडीतली ती अक्षरे लावून वाचणारे कोण होते, हे फारसे कुणी विचारले नाही. ज्या भाषेला एरवी 'त्यांची भाषा' म्हणून बाजूला सारले जाते, ती जाणणाऱ्यांची तेव्हा गरज पडली आणि गरज भागली.

आज कुणीही म्हणेल, एवढी माणसे कशाला, कागद यंत्राला दाखवा, ते वाचील. यंत्र वाचते, हे खरेच आहे. पण ते वाचायला कुणाकडून शिकले, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि या इतिहासात आम्हा लोकांची जागा वाटते त्याहून जवळची आहे.

आधी आमच्याच घरातला जुना धंदा पाहू. उर्दू पुस्तके दीर्घकाळ शिळाछापावर निघत. कातिब खास लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने मजकूर लिही, तो कागद दगडावर दाबून अक्षरे दगडावर उमटवीत आणि मग छपाई होई. दगडावर अक्षर उलटे उमटते. एखादा नुक्ता उडाला, रेघ फाटली किंवा शब्द चुकला, तर तो दगडावरच दुरुस्त करणारा वेगळा कारागीर असे. त्याला संगसाज म्हणत. आरशात दिसावे तसे उलटे नस्तालिक लिहिण्याची ही कला होती, आणि ती जितकी चांगली साधे तितकी दिसेनाशी होई. कातिबाला शेवटच्या पानावर, तरकीम्यात, आपले नाव घालण्याची रीत तरी होती. संगसाजाला तीही नव्हती. १९१७ साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा स्थापन झाले, उस्मानिया विद्यापीठासाठी शेकडो ग्रंथ उर्दूत आले. मौलवी अब्दुल हक यांचे नाव आम्ही आदराने घेतो आणि घ्यावेच. पण त्या काळच्या छापखान्यातल्या एका तरी संगसाजाचे नाव आमच्यापैकी कुणाला सांगता येईल काय?

पुढे संगणक आला. कराचीचे खुशनवीस अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोडाकार हाताने लिहिले. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात घातले आणि १९८१ मध्ये लाहोरचे दैनिक 'जंग' त्या अक्षरांत निघाले. वडील नूर अहमद यांच्यावरून त्याला 'नूरी नस्तालिक' नाव दिले गेले. नव्वदच्या दशकात दिल्लीच्या कंपनीने काढलेल्या 'इनपेज'मुळे ते आमच्या इकडच्या छापखान्यांतही पोहोचले. ज्या उर्दू वर्तमानपत्रांत कातिबांची ओळ बसत असे, तिथे एक मुलगा संगणकावर बसू लागला. लोक म्हणाले, यंत्र लिहू लागले. वास्तविक यंत्रात एका कातिबाचा हात होता, आणि त्या हाताने बाकीच्यांचे काम गेले. मिर्झासाहेबांना दोष देण्याचा यात हेतू नाही. पण गोष्ट सांगताना दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

आताच्या यंत्राचे तसेच आहे, फक्त हात एक नाही. चित्र ओळखणारे यंत्र घडविण्यासाठी अमेरिकेत 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह २००९ मध्ये पुढे आला. त्यातली चित्रे पाहून 'हे मांजर, हा ट्रक' अशा चिठ्ठ्या लावण्याचे काम १६७ देशांतल्या सुमारे ४९ हजार माणसांनी केले. ती माणसे अॅमेझॉन कंपनीच्या 'मेकॅनिकल टर्क' या कामाच्या बाजारातून आली होती. हे नाव १७७० सालच्या एका बनावट यंत्रावरून घेतलेले आहे. व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलन नावाच्या अधिकाऱ्याने बुद्धिबळ खेळणारा बाहुला सादर केला. त्याला उस्मानी झगा आणि पगडी घातली होती, आणि खालच्या पेटीत खराखुरा खेळाडू लपून बसे. आत माणूस होता आणि वरून मुसलमानी सोंग होते! एवढे खरे नाव कंपनीने आपण होऊन कसे घेतले, याचे आम्हाला नवल वाटते.

मराठीचे काय? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर केंद्राशी जोडलेल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाची फारशी ओळख नसलेल्या, मुख्यतः आपलीच भाषा जाणणाऱ्या ग्रामीण माणसांना स्वस्त मोबाइलवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्दांची चित्रे दाखविली आणि ते शब्द टंकायला सांगितले. अचूकता ९६.७ टक्के भरली, म्हणजे व्यावसायिक कंपनीच्या तोडीची. २०२० मध्ये याच मंडळींनी खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठाचे विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे नोंदवून घेतले. गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाइतकेच चांगले निघाले. पडद्यावर वाक्य येते, ते मोठ्याने वाचायचे. दुसरा माणूस ऐकून बरोबर की चूक ते सांगतो. अशी लाखो वाक्ये साठली की यंत्राला मराठी 'येते'. हा दुसरा माणूस म्हणजे आजचा संगसाज.

याच प्रयोगांतून 'कार्या' ही संस्था उभी राहिली. तासाला किमान पाच डॉलर देण्याचे आणि तोच आवाज पुन्हा विकला गेल्यास बोलणाऱ्याला वाटा देण्याचे तिचे धोरण २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने छापले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकाने नैरोबीची हकीकतही दिली. 'चॅट-जीपीटी'ला अभद्र मजकूर ओळखता यावा म्हणून तिथली माणसे खून-अत्याचाराची वर्णने दिवसभर वाचत होती आणि त्यांच्या हाती तासाला दीड-दोन डॉलर पडत होते.

आमच्या भागातल्या बायकांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही. सीमेपलीकडच्या निजामाबाद जिल्ह्यात आणि अलीकडेही घरोघरी बिड्या वळल्या गेल्या. हजारामागे मजुरी मिळे आणि कारखानदाराच्या माणसाने 'छाट' काढली की तेवढे पैसे बुडत. मेकॅनिकल टर्कवर काम देणारा काम नापसंत करू शकतो. मग पैसे मिळत नाहीत, पण केलेले काम त्याच्याकडेच राहते. छाटच ती! १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार मानले. ते काही कुणी आपण होऊन दिले नव्हते, त्यासाठी झगडावे लागले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' ही व्याख्या आली, पण घरात मोबाइलवर वाक्ये वाचणारी बाई तिच्यात बसते की नाही, हा प्रश्न उरतोच.

बिलोलीपुरता आणखी एक प्रश्न उरतो. इथल्या बाजारात एकाच सौद्यात मराठी, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. घरात 'नक्को' आणि 'हौ' म्हणणारा माणूस कचेरीत शुद्ध मराठी बोलतो. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांत उर्दू आहे, दखनी नाही. आवाज गोळा करण्याच्या सरकारी-खासगी योजना बहुतेक त्याच यादीवर चालतात. मग आमच्यातला कुणी बोलू लागला की आधी त्याला चौकट निवडावी लागणार, मराठी की उर्दू? आणि तो 'मेरेकू' म्हणाला, तर दूर कुठे तरी बसलेला ऐकणारा ते बोली म्हणून ठेवील की चूक म्हणून खोडील? त्याला वाक्यामागे पैसे मिळतात आणि पुढचे वाक्य पडद्यावर येऊन थांबलेले असते.