सहाशे चाळीस किलोबाइटांची वेस

यंत्र सुधारले की त्याच्या मर्यादा आपोआप मावळतात, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र याच्या उलट साक्ष देते. गावाला वेस घालण्याचे कारण सरते, तरी वेस उभीच राहते. कारण तोवर तिच्या आधाराने लोकांनी घरे बांधलेली असतात.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ न्यूयॉर्क येथे जाहीर केला. त्याच्या केंद्रस्थानी इंटेलची ८०८८ ही चिप होती. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक बाइटाला, आळीतील घराला असावा तसा, एक क्रमांक असतो. तो सांगण्यास ८०८८ जवळ वीसच वाहिन्या असल्यामुळे १०,४८,५७६ घरांपलीकडचे जग तिला ठाऊकच नव्हते. त्यांतील वरची ३८४ किलोबाइट जागा पडद्यावरील चित्र, जोडयंत्रे व यंत्राच्या कायम आज्ञा यांकरिता राखून ठेवण्यात आली. खाली उरली ६४० किलोबाइट. डॉस ही कार्यप्रणाली आणि वापरणाराची आज्ञावली या दोहोंनी तेवढ्यातच संसार करावयाचा होता.

ही वाटणी कृपणतेची नव्हती. त्यापूर्वीच्या लहान संगणकांतील चिप बहुधा ६४ किलोबाइटांपुढे पाहत नसे. हे नवे यंत्रही १६ किलोबाइट स्मृतीसह विकत मिळे. दसपट जागा त्या वेळी कोणाला अपुरी वाटावी?

१९८३ साली लोटस १-२-३ ही कोष्टके मांडणारी आज्ञावली आली आणि हिशेबनीसांचे काम पालटले. कोष्टके वाढत गेली, आणि भर कामात स्मृती संपल्याची सूचना पडद्यावर झळकू लागली. अधिक स्मृती विकत घेऊनही उपयोग नसे. वेशीबाहेरच्या घरांना क्रमांकच नव्हते.

वस्तुतः इंटेलची १९८२ सालची ८०२८६ ही चिप १६ मेगाबाइटांपर्यंत पोहोचत होती. तथापि डॉसवरील आज्ञावल्या चालवावयाच्या तर तिला ८०८८ चीच चाल धरावी लागे. म्हणून १९८५ साली लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एक युक्ती ठरविली. राखीव जागेत ६४ किलोबाइटांची खिडकी ठेवावी आणि बाहेरच्या स्मृतीची १६ किलोबाइटांची पाने तीतून आळीपाळीने दाखवावीत. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने तर स्वतःचाच बराचसा भाग वेशीबाहेर हलविला.

वेस पाडून का टाकली नाही? कारण ती पाडणे म्हणजे लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या आज्ञावल्या एका दिवसात निकामी करणे होते. १९९५ च्या विंडोज ९५ ने नव्या आज्ञावल्यांना प्रत्येकी ४ गिगाबाइटांचे अंगण दिले, परंतु जुन्यांनाही घराबाहेर काढले नाही. पुढे तेही अंगण अपुरे पडले. तेव्हा २००३ साली बाजारात आलेल्या एएमडीच्या ६४ बिटांच्या चिपने जुन्या आज्ञा समजून घेण्याची रीत कायम ठेवूनच अंगण वाढविले.

या वंशातील चिप आजही जागी होते ती १६ बिटांच्या जुन्या रीतीनेच. दूरदृष्टीचा अभाव एवढेच त्या वेशीच्या दीर्घायुष्याचे कारण नव्हे. ग्राहकांना दिलेला शब्द पाळण्याचे ते मोल होते.