खडूच्या नळीतले रंग

पालकाची भाजी आपण हिरवी म्हणतो, आणि हिरव्यापलीकडे तिच्यात काही असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. शास्त्रज्ञांचीही बरीच वर्षे जवळजवळ तीच समजूत होती. पेलेत्ये आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी १८१७ साली पानातल्या हिरव्या द्रव्याला ‘क्लोरोफिल’ हे नाव दिले. पुढे त्यात एकाहून अधिक रंग असावेत अशी शंका काहींना आली. परंतु ते न बिघडवता वेगळे करायचे कसे, हे काही केल्या जमेना. ते ज्याला जमले त्याची हकीगत मला मोठी चटका लावणारी वाटते.

त्याचे नाव मिखाईल त्स्वेत. बाप रशियन, आई इटालियन. जन्म १८७२ साली इटलीतल्या आस्ती गावी. आई लवकरच वारली. शिक्षण झाले स्वित्झर्लंडात. जिनिव्हाची डॉक्टर पदवी घेऊन हा तरुण रशियात गेला, तर तिथे परदेशी पदवीला किंमत नाही! सगळ्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. अखेर वॉर्सात, त्या काळी रशियाच्या अमलाखाली असलेल्या त्या शहरात, त्याला नोकरी मिळाली. तिथेच मार्च १९०३ मध्ये त्याने आपली युक्ती एका व्याख्यानात मांडली.

युक्ती अगदी घरगुती म्हणावी अशी. काचेच्या अरुंद नळीत कोरड्या खडूची बारीक पूड दाबून भरायची. पानांचा अर्क वरून ओतायचा आणि मागाहून नुसता स्वच्छ द्रव सोडत राहायचे. काही रंग खडूला घट्ट धरून बसतात, काही सैल. म्हणून कुणी मागे रेंगाळतो, कुणी पुढे पळतो. पाहता पाहता पांढऱ्या नळीत पट्टे उमटतात: एक हिरवा निळसर, दुसरा पिवळसर, आणि त्यांच्या वरखाली निरनिराळे पिवळे. सर्वांत चपळ कॅरोटीन, म्हणजे गाजराचा रंग. तो खाली निघूनही जातो. आपण दारात पांढऱ्या रांगोळीत रंग भरतो. या गृहस्थाने पांढऱ्या पुडीतून रंग बाहेर काढले. १९०६ साली त्याने या रीतीला ‘क्रोमॅटोग्राफी’, म्हणजे रंगलेखन, असे नाव ठेवले. गंमत अशी, की ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही रंगच!

पण ऐकतो कोण? वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरचा त्या काळचा मोठा अधिकारी होता जर्मनीतला रिचर्ड विलश्टेटर. माणूस खरोखर थोर. वाळलेल्या पानांच्या राशी वापरून त्याने क्लोरोफिलमधले मॅग्नेशियम सिद्ध केले आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. नळीतून जाताना रंगच बिघडतो, असा आक्षेप त्याच्याकडून आला, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दापुढे वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षकाचे काय चालणार? त्याच १९१५ साली महायुद्धामुळे वॉर्सा सोडावे लागले. मग मॉस्को, निझ्नी नोव्हगोरोद, युर्येव्ह, शेवटी व्होरोनेझ. तिथे १९१९ च्या जूनमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

बारा वर्षांनी, १९३१ साली, हायडेलबर्गला रिचर्ड कून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच नळी पुन्हा भरली आणि पिवळे रंग झकास वेगळे केले. हा कून कोण? विलश्टेटरचाच शिष्य! पुढे मेल्विन कॅल्व्हिनने कागदावरच्या रंगलेखनाने, हिरव्या शेवाळात कर्बवायूची साखर कोणत्या पायऱ्यांनी होते ते उलगडले. त्याला १९६१ चे नोबेल मिळाले.

ते नळीतले पिवळे पट्टे तरी पानाच्या काय कामाचे? उन्हाळ्यात पाणी कमी पडले की पानाची रंध्रे मिटतात, कर्बवायू आत येईनासा होतो. ऊन मात्र थांबत नाही. खर्च न होणारा तो प्रकाश पानाला जाळू पाहतो. अशा वेळी व्हायोलाझँथिन नावाचा एक पिवळा रंग काही मिनिटांत पालटून झियाझँथिन होतो, आणि जादा प्रकाश उष्णतेच्या रूपाने सोडून द्यायला मदत करतो. ही अदलाबदल १९५७ साली रशियातच सापोझ्निकोव्हने टिपली. तिचे संरक्षणाचे काम १९८७ च्या सुमारास ध्यानात आले. ऊन उतरले की तो रंग हळूहळू मूळ रूपावर येतो.