ग्रीक अक्षरांची घरे आणि आपली बोर्डिंगे

वाचकहो, होमिओपॅथीच्या डॉक्टराने अमेरिकेतल्या विद्यार्थी-मंडळांच्या इतिहासात का शिरावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याला दोन कारणे आहेत. आमचे शास्त्र जन्मले जर्मनीत, पण एकोणिसाव्या शतकात त्याची कॉलेजे भरभराटीला आली ती अमेरिकेत. ज्यांचे मटेरिया मेडिका आजही आमच्या टेबलावर असते, ते विल्यम बोरिक फिलाडेल्फियाच्या हानेमान मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्या जुन्या कॉलेजांविषयी वाचताना मधूनच ग्रीक अक्षरांची नावे समोर येतात. १८९४ साली न्यूयॉर्कच्या होमिओपॅथिक कॉलेजात विद्यार्थ्यांनी ‘फाय अल्फा गॅमा’ नावाचे बंधुमंडळ काढले होते. ही अक्षरे कसली, या कुतूहलाने मी या विषयाकडे वळलो.

दुसरे कारण आपल्या घराघरांतले आहे. पूर्वी आपली मुले शिकायला कोल्हापूर-सांगलीला, फार तर पुण्याला जात. आता नातवंडे अमेरिकेला जातात. पहिल्याच सत्रात त्यांच्या फोनवर ‘रश’, ‘प्लेज’ असे शब्द ऐकू येतात. आजी-आजोबांना वाटते, खाणावळीची काहीतरी व्यवस्था असावी. ती व्यवस्था जवळजवळ अडीचशे वर्षांची आहे आणि तिच्या पोटात पुष्कळ काही दडलेले आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ आणि ‘सोरोर’ म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातले ‘भ्रातृ’ आणि ‘स्वसृ’ हे त्यांचे सख्खे नातलग. त्यावरून मुलांची ती फ्रॅटर्निटी आणि मुलींची ती सोरॉरिटी. एकाच विद्यापीठातले विद्यार्थी, रक्ताचे नाते नसताना, शपथ घेऊन एकमेकांचे भाऊ-बहीण होतात, अशी ही कल्पना आहे.

पहिले असे मंडळ ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाले. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम पाच महिने झाले होते. मंडळाचे नाव ‘फाय बीटा कॅपा’; एका ग्रीक वचनाची ही आद्याक्षरे, आणि त्या वचनाचा आशय असा की ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची सुकाणूधारी. पदक, गुप्त हस्तांदोलन, शपथ हे सारे तेव्हापासून आले. गुप्तता कशासाठी? कॉलेजातले शिक्षण म्हणजे लॅटिन, ग्रीक, गणित आणि प्रार्थना. मुलांना राजकारणावर, धर्मावर, नव्या विचारांवर मोकळेपणी वाद घालायचा होता आणि तो गुरुजींच्या कानाआड घालायचा होता. पुढे १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा, फ्रीमेसन संघाची गुपिते फोडायला निघालेला माणूस नाहीसा झाला आणि गुप्त मंडळांविरुद्ध देशभर काहूर उठले. त्या वातावरणात १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेने आपली गुप्तता सोडून दिली. आज फाय बीटा कॅपा ही गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणारी प्रतिष्ठित संस्था आहे. सर्वांत जुन्या मंडळाने गुपित टाकले आणि त्याचे काही बिघडले नाही, हे ध्यानात ठेवावे.

इतरांनी मात्र ते टाकले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये ‘कॅपा अल्फा’ आणि १८२७ मध्ये ‘सिग्मा फाय’ व ‘डेल्टा फाय’ ही मंडळे निघाली. आजच्या फ्रॅटर्निटींचा वंश तेथून चालतो. कॉलेजांकडे विद्यार्थ्यांना राहायला पुरेशा खोल्या नव्हत्या. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळांनी स्वतःची घरे घेतली. माजी सभासदांनी पैसे दिले, स्वयंपाकी ठेवले, भिंतींवर जुन्या तुकड्यांची छायाचित्रे लागली. घरापासून शेकडो मैल दूर आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ताटावर सोबत मिळाली, आजारपणात उशाशी कोणी बसले, नोकरीच्या वेळी ओळखीचा हात मिळाला. हे सुख खोटे नव्हते. ते तसे असते, तर ही संस्था इतकी टिकली नसती.

पण घराला दार असते. कोणाला आत घ्यायचे हे आतले ठरवतात. आधी ‘रश’, म्हणजे पारख, मग आमंत्रण, मग उमेदवारीचा काळ, तोच ‘प्लेज’, आणि शेवटी दीक्षाविधी. या उमेदवारीतच छळ शिरला. त्याला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात, आपण रॅगिंग म्हणतो. ऑक्टोबर १८७३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॉर्टिमर लेगेट हा नवा विद्यार्थी दीक्षेच्या रात्री अंधारात डोंगरघळीच्या कड्यावरून कोसळून मरण पावला. त्याचे वडील यादवी युद्धात लढलेले सेनानी होते. चौकशी झाली, हळहळ झाली, मंडळ टिकले. हँक न्यूवर या पत्रकाराने अशा मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. त्यांच्या नोंदीप्रमाणे १९५९ ते २०२१ या काळात असे एकही वर्ष गेले नाही, की ज्यात अमेरिकेत निदान एक विद्यार्थी यापायी मेला नाही.

अलीकडच्या मृत्यूंत दारूचा वाटा मोठा आहे. डॉक्टर म्हणून येथे दोन शब्द सांगतो, कारण ते कोणाच्या तरी नातवाच्या उपयोगी पडतील. उमेदवाराला थोड्या वेळात भरमसाट दारू पाजतात. तो आडवा होतो. सोबती म्हणतात, झोपू द्या, सकाळी उतरेल. पण पिणे थांबले तरी पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. झोपलेल्या माणसाची नशा वाढतच जाते. घशाची स्वतःला जपण्याची प्रतिक्रिया मंदावते, उलटी श्वासनलिकेत जाते, श्वास संथ होत होत थांबतो. पडून डोक्याला मार लागला असेल, तर त्याची लक्षणेही नशेतच खपून जातात. अशा वेळी कुशीवर वळवणे आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलावणे एवढेच खरे उपचार. आणि नेमके तेच होत नाही. कारण रुग्णवाहिका आली की पोलीस येतील, विद्यापीठ येईल, मंडळाचे नाव जाईल. भावाचा जीव आणि मंडळाचे नाव यांत नाव वरचढ ठरते.

येथे मला आमच्या जैन परंपरेतले दोन शब्द आठवतात. सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत उपगूहन आहे आणि त्याच्या पाठोपाठ स्थितिकरण आहे. उपगूहन म्हणजे साधर्मी बांधवाच्या दोषाचा बभ्रा न करणे. स्थितिकरण म्हणजे वाट सोडू लागलेल्याला हात धरून पुन्हा वाटेवर आणणे. आणि यांच्यानंतर येते ते वात्सल्य. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दोष झाकला, पण दोषी माणसाला सावरले नाही, तर झाकण्याला धर्म म्हणता येत नाही. ती निव्वळ लपवालपवी होते. फ्रॅटर्निटींनी उपगूहन कडकडीत पाळले आणि स्थितिकरण विसरले, असे त्यांचे निदान मी करीन.

आता दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडे वळू, कारण या इतिहासातला उत्तम भाग त्यांनी लिहिला आहे.

इंडियानातल्या अ‍ॅस्बरी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डीपॉने, १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. तेथे बेटी लॉक नावाची हुशार विद्यार्थिनी होती. एका फ्रॅटर्निटीने तिला आपला बिल्ला देऊ केला, सभासदत्व मात्र नाही, असे सांगतात. तिने १८७० च्या जानेवारीत तीन मैत्रिणींसह ‘कॅपा अल्फा थीटा’ हे स्वतःचे मंडळ काढले. तिच्याही आधी १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉन्मथ कॉलेजात बारा मुलींनी एक मंडळ काढले होते. ते पुढे ‘पाय बीटा फाय’ झाले. ‘सोरॉरिटी’ हा शब्द नंतर सिराक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी घडवला. वर्गात मूठभर मुली, बाकी सारे मुलगे, आणि बाई शिकून काय करणार असे विचारणारा गाव. अशा ठिकाणी ही मंडळे म्हणजे मुलींचा आधार होती. पाय बीटा फायच्या स्त्रियांनी १९१२ मध्ये टेनेसीच्या डोंगराळ भागात, गॅटलिनबर्ग येथे, गरीब मुलांसाठी शाळा उघडली.

पण या मुलींनीही आपल्या दाराला कडी लावली. गोऱ्या मंडळांच्या दारी कृष्णवर्णीयांना थारा नव्हता. कित्येक मंडळांच्या घटनेत तसे लिहूनच ठेवले होते. कॉर्नेलमधल्या मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहायला जागा नाही, अभ्यासाला सोबत नाही, अशी अवस्था होती. त्यांतल्या सात जणांनी ४ डिसेंबर १९०६ रोजी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केले. मार्टिन ल्यूथर किंग पुढे याच मंडळाचे सभासद झाले. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ काढले. १९१३ च्या जानेवारीत तेथेच बावीस मुलींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केले, आणि दोन महिनेही झाले नसतील तोच, ३ मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या.

अल्फा कॅपा अल्फाचे एक काम मला विशेष भावते. १९३५ पासून काही वर्षे उन्हाळ्यात या मंडळाच्या शिकलेल्या स्त्रिया, डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली, मिसिसिपीच्या खेड्यांत जात. कापसाच्या शेतांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांच्या मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचत. मजुरांनी दवाखान्यात यावे हे जमीनमालकांना रुचेना. म्हणून या बायकांनी आपल्या मोटारगाड्यांचेच दवाखाने केले. मंडळाची घरे आणि बिल्ले त्यांच्याकडेही होते. पण त्यांच्या भगिनीभावाला बाहेर जाणारा रस्ता होता.

गोऱ्या मंडळांची कडी हळूहळू निघाली. १९४८ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातल्या ‘फाय कॅपा साय’च्या मुलांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आत घेतले, तर मध्यवर्ती संघटनेने ती शाखाच निलंबित केली. मुले मागे हटली नाहीत. १९६२ मध्ये विल्यम्स कॉलेजाने फ्रॅटर्निटी बंद करण्याचा निर्णय घेतला, १९८४ मध्ये अ‍ॅमहर्स्टने घेतला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात. लेगेटच्या मृत्यूनंतर एकशे एक्कावन्न वर्षांनी. आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. तेही काही कोवळे जीव गेल्यानंतरचे.

वाचकहो, हे सगळे दूरदेशचे झाले असे समजू नका. १९०६ मध्ये कॉर्नेलची सात मुले एकत्र येत होती, त्या सुमारास आपल्या शेजारी कोल्हापुरात काय चालले होते? राजर्षी शाहू महाराज एकामागून एक बोर्डिंगे उभी करत होते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शहरात ज्या मुलाला कोणी ओसरीही देत नव्हते, त्याला निदान आपल्या जातीच्या छपराखाली दोन घास मिळावेत हा हेतू. त्या काळी तीच वाट खुली होती. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घराण्यांत पहिला पदवीधर अशा बोर्डिंगातूनच निघाला.

त्या जैन बोर्डिंगात कुंभोजला जन्मलेला एक मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध हो, मगच पंगतीला बस, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. त्यात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. जैन घराच्या सोवळ्यात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. वात्सल्य या शब्दाचा अर्थ मला कोणी विचारला, तर मी साताऱ्याचे नाव सांगतो.

भाऊराव बोर्डिंगाच्या विरुद्ध गेले नाहीत. छप्पर, पंगत, सोबत हे सारे त्यांनी ठेवले. फक्त पंगतीची अट काढून टाकली. कॉर्नेलची सात मुले आणि मिसिसिपीला जाणाऱ्या त्या स्त्रिया यांच्याशी त्यांचे नाते मला येथे दिसते. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांनी बांधलेल्या घरांत दुसऱ्यासाठी जागा अधिक निघाली.

सीमेवरच्या, मराठी मुलखाबाहेरच्या गावांत आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली मंडळे जपत आलो. वाचनालय, गणेशोत्सव, नाट्यसंघ, जातीजातींची बोर्डिंगे. भाषेने आणि संख्येने थोडे असलेल्यांना अशा घरांची गरज असतेच. पण आपल्या बोर्डिंगात आज कोणाची मुले आहेत, नव्याने गावात आलेल्या दुसऱ्या भाषेच्या मुलाला आपल्या वाचनालयाची पायरी माहीत आहे का, आणि आपल्याच एखाद्या मुलाने दुसऱ्याला छळले तर आपण मंडळाचे नाव जपतो की त्या छळलेल्या मुलाला, हे कधीतरी कार्यकारिणीच्या बैठकीत विचारायला हवे.

आणि अमेरिकेला निघालेल्या नातवंडाला एवढे जरूर सांगा: तेथे मित्र मिळव, हवे तर ग्रीक अक्षरांच्या घरातही राहा. पण कोणी आडवा पडलेला दिसला, तर कोणाचे नाव जाईल हे न पाहता आधी रुग्णवाहिका बोलाव.