आगीबाहेर राहिलेल्या नोंदवह्या

३० जून १९२२ रोजी डब्लिन शहरातील 'फोर कोर्ट्स' या न्यायालयांच्या आवारात प्रचंड स्फोट झाला. आयर्लंडमध्ये यादवी युद्धाला नुकतेच तोंड फुटले होते. पाठोपाठच्या आगीत तेथील सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार शिरगणतींची मूळ कागदपत्रे जवळजवळ समूळ नष्ट झाली. पुढच्या चार शिरगणतींचे कागद तर सरकारनेच त्याआधी निकालात काढले होते! त्यामुळे आज आयरिश माणसाला आपल्या घरादाराची नावे देणारी सर्वांत जुनी संपूर्ण शिरगणती मिळते ती १९०१ सालची.

मग त्यापूर्वीचा गरीब कूळ-शेतकरी शोधायचा कोठे? १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. दुष्काळात गेलेल्या कित्येकांचे नाव कागदावर एकदाच उमटले, तेही स्नानसंस्काराच्या दिवशी, धर्मगुरूंच्या हातून.

त्या वह्या वाचल्या कशा, हा इतिहासाचा मोठा चमत्कारिक भाग आहे. एकेकाळी राजमान्य असलेल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या नोंदवह्यांना सरकारी दप्तराचा मान मिळाला; त्यांतील शेकडो वह्या सुरक्षिततेसाठी डब्लिनला आल्या आणि तेथेच जळाल्या. कॅथलिकांच्या वह्यांना असला मान कोणी दिला नाही. त्या ज्या त्या धर्मग्रामात, धर्मगुरूंच्या कपाटात राहिल्या. उपेक्षेनेच त्यांना तारले, असे आम्हांस वाटते.

१९५० च्या दशकापासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गावोगावच्या या वह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. जुलै २०१५ मध्ये त्या इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुल्या झाल्या. हजारांहून अधिक धर्मग्रामे, सुमारे पावणेचार लाख पानांची छायाचित्रे, १८८० सालापर्यंतच्या नोंदी! पुढच्याच वर्षी दोन खासगी कंपन्यांनी त्यांतील नावांची सूचीही तयार केली.

परंतु संगणकापुढे बसताच पूर्वज हाती लागतात, असे मात्र नाही. प्रथम धर्मग्राम ठाऊक हवे. डब्लिन, कॉर्कसारख्या शहरांतील काही वह्या १७४० च्या सुमारास सुरू होतात, तर पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक १८५० नंतरच. कॅथलिकांवरील जाचक कायदे आणि दारिद्र्य यांची ही खूण. पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये असल्याने जेम्स तेथे 'याकोबुस' होतो आणि विल्यम 'गुलिएल्मुस'. शाई फिकी, अक्षर घाईचे, आडनावाचे स्पेलिंग दर पिढीत निराळे. दफनाच्या नोंदी तर क्वचितच.

एक गोष्ट मात्र या वह्यांत उदारपणे मिळते. बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव तेथे सहसा लिहिलेले असते. शिरगणतीच्या कागदावर ती केवळ अमक्याची पत्नी. स्नानसंस्काराच्या वहीत तिचे स्वतःचे कुळ शाबूत आहे. शेजारी धर्ममाता व धर्मपिता यांची नावे असतात. ती बहुधा मामा, मावशी, काका यांपैकी कोणाची तरी. ज्याला एका नोंदीवर वाट खुंटलेली दिसते त्याने या साक्षीदारांच्या मागे जावे.

ही पद्धत घालून दिली ट्रेंटच्या धर्मसभेने. १५६३ साली तिने प्रत्येक धर्मगुरूला विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ तीत लिहायचे. स्नानसंस्काराच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे घालण्याचा नियमही त्याच सभेचा. आमच्या वसईतील चर्चच्या वह्या याच आज्ञेच्या आहेत.

त्या वह्याही कोणी तरी छायाचित्रित कराव्यात, असे आता पुष्कळांना वाटते. वाटणे योग्यच आहे. पावसाळी हवा आणि कसर कोणाची वाट पाहत नाहीत. पण येथे थोडे थांबावे. जगातील सर्वांत मोठा कुलवृत्तांताचा संग्रह अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या संस्थेकडे आहे. हा पंथ मृत पूर्वजांच्या नावाने आपला बाप्तिस्मा देतो. म्हणूनच २००८ साली व्हॅटिकनने जगभरच्या महागुरूंना पत्र पाठवून, धर्मग्रामांच्या वह्या त्या संस्थेला चित्रित करू देऊ नयेत, असे कळविले. वही जपणे वेगळे आणि ती कोणाच्याही स्वाधीन करणे वेगळे. आयर्लंडने हे काम आपल्या ग्रंथालयाकडून करून घेतले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तोवर आपल्या चर्चच्या कार्यालयात फादरांची परवानगी घेऊन आजी-आजोबांची नोंद अवश्य पाहावी, आणि पाहताना समास वगळू नये. विवाह कोठेही झाला तरी त्याची खबर स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाला कळवून वहीत टिपण्याचा नियम विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. आयरिश वह्यांच्या समासांतून अशीच दूरदेशीच्या चर्चची नावे डोकावतात. घर सोडून गेलेली मुलगी पुढे कोठे गेली, हे त्या आडव्या, बारीक ओळीत सापडते.