अनेक हातांचें एक पत्र



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास ठिकठिकाणीं आलाच आहे. आम्हीं मात्र येथें एका लहानशा विषयाकडे आपलें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. आपल्या मुलामुलींचें हस्तलिखित मासिक मागें चार अंकांतच कां थांबलें, आणि तें पुन्हां सुरू व्हावयाचें तर त्याच्या मंडळानें व मंडळाच्या वडीलधाऱ्यांनीं कसें वागावें, हा प्रश्न या वर्षीं आमच्यापुढें उभा राहिला. उत्तर शोधतांना आम्हांस महाराष्ट्रांतील जुन्या पत्रकर्त्यांकडे वळावें लागलें.

१८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांनीं ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नांवाची संस्था स्थापिली. तिच्या मराठी शाखेस ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ म्हणत, आणि दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. सभासदांनीं सभेंत निबंध वाचावे, असा तेथें परिपाठ होता. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाच्या द्वारें असे निबंध लोकांच्या हातीं पडूं लागले. याच सोसायटीनें १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या, व तेथें सभासद वेतन न घेतां शिकवीत. या व्यवस्थेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. अध्यक्षस्थानीं जाणता माणूस होता, परंतु लेखणी तरुणांच्या हातीं होती. आणि जो निबंध आधीं सोबत्यांच्या कानांवर पडतो, त्याची चूक परक्याच्या तोंडून नव्हे, तर मित्राच्या तोंडून कळते.

दुसरें उदाहरण पुण्याचें. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे डेक्कन कॉलेजांतील स्नेही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह या मंडळीनें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल चालू केलें, आणि १८८१ च्या जानेवारींत ‘मराठा’ व ‘केसरी’ हीं पत्रें काढलीं. त्या वेळीं टिळक व आगरकर दोघेही अवघे २४ वर्षांचे होते. इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे व मराठी ‘केसरी’ आगरकरांकडे, अशी कामाची वांटणी होती. कोल्हापूर प्रकरणीं झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. एवढें सोसूनही पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद विकोपास गेले. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला व १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. १८९५ सालीं आगरकर निवर्तले, तेव्हां ‘केसरी’ंतील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. संकट माणसांस जवळ आणतें हें खरें. पण मतभेद झाला असतां एकमेकांशीं कसें बोलावें, याची संवय आधींच लागलेली नसेल, तर संकटानें जोडलेलें मतानें तुटतें.

आतां आपल्या नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगराकडे वळूं. १८४२ सालीं अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशननें ‘ज्ञानोदय’ सुरू केला. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे आद्य संपादक. आपल्या कॅथलिक भाविकांसाठीं १९०३ सालीं केंदळ येथून येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ काढला. चारच वर्षांनीं, १९०७ सालीं, ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मन मिशनऱ्यांना हा देश सोडावा लागला. १९२१ सालीं बिशप डोरिंग यांची नेमणूक जपानांत हिरोशिमा येथें झाली, आणि १९२७ सालीं ते पुन्हां पुण्यास आले. संस्थापक असे दूर गेले, तरी ‘निरोप्या’चें नांव पुसलें गेलें नाहीं, त्यानें शताब्दी ओलांडली. हाताआड हात उभा असला, म्हणजेच असें घडतें.

हें सर्व वाचीत असतांना आमचा स्वतःचा दोष आमच्या डोळ्यांपुढें आला; तो येथें कबूल करणें उचित होय. आपल्या हस्तलिखिताचा प्रत्येक लेख आम्ही तांबड्या शाईनें सुधारीत असूं. नववींतील एका मुलीनें आपल्या आज्याविषयीं लिहिलें होतें, कीं तो ऊसतोडीला जाई व डोक्यावर मोळ्या वाही. आम्हीं तें खोडून “माझे पितामह ऊसवाहतुकीचें कार्य करीत असत” असें केलें. अंक हातीं आल्यावर ती शांतपणें म्हणाली, “फादर, हा माझा आजा नव्हे.” पुढच्या अंकास तिनें लेख दिला नाहीं, इतरांनींही दिला नाहीं. चौथा अंक बहुतेक आम्हींच लिहिला, आणि मासिक थांबलें. भाषा शुद्ध झाली होती, परंतु मुलांचें मासिक मुलांचें राहिलें नव्हतें.

म्हणून या स्मरणिकेच्या वेळीं आम्हीं निराळी रीत धरली. रविवारच्या मिस्सेनंतर मंडळ ओट्यावर बसे. वृद्धांच्या आठवणी कोणीं आणाव्या, बाप्तिस्म्याच्या रजिस्टराशीं नांवें व साल कोणीं ताडून पाहावें, मुद्रितें कोणीं तपासावीं, हिशेब कोणीं ठेवावा, हें मुलांनींच ठरविलें. प्रत्येक थोराबरोबर एक लहान जोडून दिला, कारण थोर उद्यां शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं गांव सोडणारच. लेख सर्वांपुढें वाचावा. स्तुति चारचौघांत करावी. दोष मात्र एकांतांत सांगावा. बंधूचा अपराध आधीं त्याला एकट्याला दाखवावा, हें तर आपल्या प्रभूनेंच शिकविलें आहे.

असें असूनही तंटा झाला. देवळाजवळची विहीर धर्मगुरूंनीं खोदविली कीं गांवकऱ्यांनीं श्रमदानानें खोदली, यावरून दोघां मुलांत जुंपली. निवाडा देण्याचा मोह आम्हांस फार झाला. पण तो आवरून आम्हीं दोघांनाही एकत्रच वृद्धांकडे धाडिलें. परत आले तेव्हां दोघांच्या वहींत एकच मजकूर होता : पैसा धर्मगुरूंनीं उभा केला, आणि कुदळ गांवकऱ्यांनीं चालविली. तोच मजकूर या अंकांत दोघांच्या नांवानें छापिला आहे.

शरीर एक, पण अवयव पुष्कळ, आणि डोळ्यानें हाताला ‘तुझी गरज नाहीं’ म्हणूं नये, असें संत पौल करिंथकरांस समजावितो. पोप अकरावे पायस यांनीं १९२३ सालीं संत फ्रान्सिस दि सेल्स यांस लेखकांचे व पत्रकर्त्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. त्या सौम्य संताच्या मध्यस्थीनें आपल्या मुलांच्या लेखणीस सत्य व एकोपा लाभो. आईबापांस आमची एवढीच विनंति, कीं लिहिणाऱ्या मुलास घरीं थोडा वेळ व थोडा उजेड द्यावा. आम्ही आज येथें आहों, उद्यां दुसरीकडे असूं. पुढचा अंक आमच्यावांचून निघावा, यांतच आम्ही आपल्या कामाची सार्थकता मानूं.